स्वस्त चहाची किंमत

सूरजागडच्या परिसरात राहणाऱ्या माणसाने मुंबईच्या इराणी हॉटेलांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. एटापल्ली तालुक्यातील या जंगलात ना संगमरवरी टेबले आहेत, ना ब्रून-मस्का. परंतु एक प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो आणि तो केवळ पोटाचा नाही, नीतीचाही आहे. एखादे जुने, स्वस्त, ओळखीचे हॉटेल आपल्याला प्रिय वाटते, तेव्हा आपण नेमके कशावर प्रेम करीत असतो?

इराणातील यज्द आणि करमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या प्रारंभी आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत ही हॉटेले थाटली. धोबीतलावचे कयानी १९०४ साली, ग्रँट रोड स्थानकाजवळचे मेरवान १९१४ साली आणि बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ साली सुरू झाले. नाक्यावरची जागा, गल्ल्यामागे बसलेला मालक, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांतील बिस्किटे आणि कडक गोड चहा हे चित्र दोन-तीन पिढ्यांच्या मनात घर करून आहे. आपल्या समाजाचाही त्याच्याशी जवळचा संबंध आहे. कयानी ज्या जेर महालात आहे, त्याच वास्तूत गोव्यातील निरनिराळ्या गावांचे कूड वसले. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारे खलाशी तेथे एका ट्रंकेपुरत्या जागेत दिवस काढीत. इराण्याच्या बशीतला पावदेखील पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला आणि गोमंतकीय बेकरीवाल्यांनी तो मुंबईत रुजविला.

अशा खलाशाला, गिरणीकामगाराला किंवा वसईहून पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन आलेल्या आपल्या वाडवडिलांना इराण्याकडे काय मिळत असे? चहा मिळे, हे खरेच. पण चहाच्या पैशांत त्यांना बसायला जागाही मिळे. दहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला पंख्याखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र चाळता येई. ज्या काळी अनेक खानावळी जातवार चालत, त्या काळी येथे गल्ल्यावर जात विचारली जात नसे. इराणी काही संत नव्हता. मोठ्याने बोलू नका, केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका अशा सूचना भिंतीवर असत. पण त्या सर्वांना सारख्याच लागू होत्या आणि यातच मोठा सन्मान होता.

माणसाची ही गरज एकट्या मुंबईची नाही. हाँगकाँगमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर ‘चा चान तेंग’ नावाची कँटोनीज चहा-हॉटेले वाढीस लागली. पाश्चात्त्य पद्धतीची उपाहारगृहे तेथील कष्टकऱ्याला परवडणारी नव्हती. म्हणून या हॉटेलांनी डब्यातल्या दुधाचा दाट चहा, शेवया-मॅकरोनीचे सूप आणि लोण्याचा जाड तुकडा घातलेला ‘अननस-बन’ त्याच्या आवाक्यात आणला. त्या बनात अननस नसतो. वरचा खरखरीत पापुद्रा तसा दिसतो, एवढेच. गर्दीच्या वेळी तेथे अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसविण्याची रीत आहे. ते टेबल आणि इराण्याचे टेबल यांत समुद्राचे अंतर असले, तरी नात्याचे अंतर नाही.

आज ही दोन्ही प्रकारची हॉटेले मिटत चालली आहेत आणि त्यांच्याविषयीचे प्रेम मात्र वाढत आहे. मोडकी खुर्ची छायाचित्राचा विषय झाली आहे. २०१० साली लंडनमध्ये मुंबईच्या इराणी हॉटेलाच्या धर्तीवर एक उपाहारगृह निघाले आणि पुढे त्याच्या शाखाही निघाल्या. यात वावगे काही नाही. जुन्याची ओढ हा मानवी स्वभाव आहे. परंतु खुर्ची जपली आणि त्या खुर्चीवर बसणारा खलाशी परवडत नाही म्हणून बाहेर राहिला, तर आपण नेमके काय जपले, असा प्रश्न विचारावाच लागतो.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. तो चहा स्वस्त होता, पण त्या स्वस्ताईचा भार कोणी वाहिला? मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली. म्हणजे काही भार घरमालकाने उचलला. काही भार इराण्याच्या बायकामुलांनी, भल्या पहाटे भट्टीपाशी उभे राहून उचलला. आणि काही भार टेबल पुसणाऱ्या त्या पोऱ्याने उचलला, ज्याचा चेहरा आपल्या रम्य आठवणीत सहसा नसतो. घरमालक भाडे वाढवू लागला, मुले शिकून परदेशी गेली, पोऱ्या शाळेत जाऊ लागला, तेव्हा हॉटेल बंद पडले आणि आपण हळहळलो. पोऱ्या शाळेत गेला याचा आनंद मात्र आपल्या हळहळीत कुठे ऐकू आला नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात न्याय्य किमतीचा विचार मांडला. वस्तू तिच्या मोलापेक्षा महाग विकणे जसे अन्याय्य, तसेच ती मोलापेक्षा स्वस्तात घेणेही अन्याय्य, असे ते सांगतात. आपण पहिला अर्धा भाग नेहमी लक्षात ठेवतो, कारण तो दुकानदाराला लागू होतो. दुसरा अर्धा भाग गिऱ्हाइकाला, म्हणजे आपल्याला, लागू होतो. विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या निकडीचा फायदा उठवू नये, हाही त्यांचाच विचार आहे.

हा विचार मला सूरजागडच्या रस्त्यावर आणून सोडतो. येथील लोहखनिजाच्या उत्खननाला २०२१ पासून वेग आला. आलापल्ली-एटापल्ली मार्गावर खनिजाचे ट्रक धावतात आणि रस्त्याच्या कडेने चहा-आलुबोंड्याच्या टपऱ्या दिसतात. बाकावर परप्रांतीय ड्रायव्हर, कंत्राटी मजूर, शिपाई दाटीवाटीने बसतात. हिंदी, तेलुगू, मराठी कानी पडते. इराण्याच्या हॉटेलाचा जन्म असाच झाला असेल, असे वाटते. पण कधीकधी एखादा माडिया वृद्ध त्याच टपरीपाशी येतो, पैसे देतो आणि कप घेऊन बाकाऐवजी बाहेर मातीवर उकिडवा बसतो. त्याला कोणी मनाई केलेली नसते. बस म्हणणाराही कोणी नसतो. वास्तविक यजमान तोच आहे. त्याच्या अंगणात गेलेल्या परक्याला आधी खाट टाकून दिली जाते. समोरच्या डोंगरावरील ठाकूरदेवाच्या यात्रेला दर जानेवारीत सूरजागड इलाख्यातील गावे एकत्र जमतात, ती त्याचीच माणसे. आणि आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी, पूर्ण किंमत मोजूनही, त्याला बाकावर जागा नसावी?

पन्नास वर्षांनी या टपऱ्यांविषयीही कोणी तरी हळवे होऊन लिहील. ती आठवण खरी ठरेल की खोटी, हे आज ठरत आहे. टपरीवाल्याने भुकेल्या ड्रायव्हरकडून अव्वाच्या सव्वा पैसे घेतले, किंवा आपण त्याच्या बारा तासांच्या श्रमांशी रुपयासाठी घासाघीस केली, तर वाफाळत्या चहाचे गोड वर्णन कितीही केले तरी त्या आठवणीत खोट राहील.

म्हणून वाचकहो, आपल्या नाक्यावरच्या जुन्या हॉटेलात अवश्य जावे, मुलाबाळांना न्यावे आणि जुन्या गोष्टी सांगाव्यात. मात्र उठताना दोन गोष्टी पाहाव्यात: टेबल पुसणाऱ्याला त्याचा मोबदला पोचतो का, आणि आज गावाहून आलेला फाटका माणूस येथे आत येऊन बसू शकतो का. उत्तर नकारार्थी असेल, तर सुरुवात आपल्यालाच करता येते. बाकावर थोडे सरकून बसावे आणि बाहेर उभ्या असलेल्याला हाक मारावी.