भूक आणि मनोनिग्रह

भूक ही शरीराची ऊर्जेची मागणी आहे. जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक ती मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचवते. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन साठा किती उरला आहे ते कळवते. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये लागला, घ्रेलिनचा १९९९ मध्ये. तरीही दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे खावे, या महाराष्ट्रात घरोघरी रंगलेल्या वादात एक विधान आजही ठासून केले जाते: भूक म्हणजे नुसती सवय, मन खंबीर असले की ती जिरते. आरशासमोर आधीच स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलीच्या कानी हे पडले, तर त्यातून मोठी हानी होते.

या विधानाला सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिळाले. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपीय लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे शोधण्यासाठी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे सारे स्वयंसेवक होते. युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्व म्हणून नकार दिलेले. मनोनिग्रहात ते कुणालाही हार गेले नसते. २४ आठवडे त्यांना बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असा अर्धपोटी आहार मिळाला आणि त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, कामेच्छा आटली, चिडचिड आणि खिन्नता वाढली. पाककृतींची पुस्तके वाचण्यात त्यांचे तास जाऊ लागले. काहींना इतर माणसे गरजेपेक्षा लठ्ठ दिसू लागली. नंतर मुबलक अन्न मिळाल्यावरही कित्येकांची भूक शमेना; वजन परतताना पोटावर चढलेल्या चरबीने काही जण अस्वस्थ झाले. अन्नाचा ध्यास, खादाडीचे झटके, स्वतःच्या देहाविषयीची नाराजी यांना आज दुबळ्या मनाची लक्षणे म्हटले जाते. येथे ती अपुऱ्या आहारानंतर कणखर तरुणांत दिसली.

यावर आक्षेप असा, की सहा महिन्यांची उपासमार आणि एक चुकवलेला नाश्ता यांची तुलना होत नाही. तो रास्त आहे. जेवणाच्या नेहमीच्या वेळी घ्रेलिन वाढते, म्हणजे भुकेच्या वेळेत सवयीचा वाटा आहेच. मधुमेहाच्या अनेक रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन घटवल्याने लाभही होतो. तेव्हा जेवणे दोन की सहा, हा प्रश्न गौण ठरतो. दिवसाअखेर शरीराची गरज भागली का आणि खाणे कशासाठी कमी केले, हे पाहावे लागते.

दिसण्यासाठी केलेली काटछाट येथेच घात करते, कारण तिला थांबण्याची खूण नसते. ऊर्जा अपुरी पडली की हायपोथॅलॅमस प्रजननाचे संदेश कमी करतो, पाळी अनियमित होते किंवा थांबते. इस्ट्रोजेन घटल्याने हाडे ठिसूळ होतात. खेळाडूंमधील अशा ऊर्जा-तुटीच्या दुष्परिणामांना आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले आणि त्यांत पुरुषांनाही धरले. जिममध्ये ‘कटिंग’ म्हणून खाणे घटवणारे, स्पर्धेआधी पाणी तोडणारे तरुण त्यामुळे या चर्चेबाहेर राहत नाहीत. महाराष्ट्रात तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्यांतल्याच एखादीला लग्न ठरल्यावर ‘जरा बारीक हो’ म्हणणे म्हणजे आधीच्या तुटीत भर घालणे होय.

वजनकाट्यावरचा आकडाही येथे पुरेसा ठरत नाही. संख्याशास्त्रज्ञ क्वेटलेट यांनी मांडलेल्या उंची-वजनाच्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. एखादीने आज पोटभर खाल्ले का, हे तो निर्देशांक सांगत नाही. शिवाय तूट लगेच भरून निघत नाही. मिनेसोटातील तरुणांची झीज भरून काढायला नेहमीपेक्षा बरेच अधिक अन्न लागले होते. ऊर्जेच्या तुटीने थांबलेली पाळी परतायलाही पुरेसा आहार सलग, बहुधा कित्येक महिने, द्यावा लागतो.