दारातला म्हातारा राखणदार





गेल्या आठवड्यात सौंसरकडच्या एका ताईंचा निरोप आला. त्यांच्या घरचा कुत्रा तेरा वर्षांचा झाला. सारी उमर संत्र्याच्या बागेत राखणीला होता, रात्र-रात्र रानडुकरांच्या मागे धावला. आता मागचे पाय गेले. जागेवरच लघवी होते, अंगाला वास येतो. घरात दोन मतं पडली. एक म्हणतो, बागेत नेऊन ठेवा, जिथं जन्म गेला तिथंच जाईल. दुसरा म्हणतो, डॉक्टरला बोलवा, इंजेक्शन देऊन मोकळं करा. ताई विचारतात, "देवघर बाजूलाच आहे, सोवळं राहत नाही. आता काय करावं जी?"

आधी आमची गोष्ट सांगतो. ती लपवून तुम्हाला उपदेश करणं बरं दिसणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याही घरी एक कुत्रं म्हातारं झालं होतं. अंगाला खरूज, डोळ्यांत फूल. घरात लग्न निघालं, पाहुणे येणार, म्हणून आम्ही त्याला पोत्यात घालून कन्हानच्या पलीकडे सोडून आलो. लेकरांना सांगितलं, "गेलं बापा कुठंतरी." तिसऱ्या दिवशी पहाटे ते दारात होतं. पायरी चढता येत नव्हती, म्हणून खालीच बसलं होतं. आम्हाला पाहून शेपूट हलवली. पुढं ते पंधराएक दिवस जगलं. त्या पंधरा दिवसांत आम्ही काय केलं ते केलं, पण ती हललेली शेपूट अजून डोळ्यांपुढून जात नाही. जप करायला बसलो तरी येते.

म्हणून ताई, बागेत नेऊन ठेवणं हे "निसर्गाच्या हवाली करणं" नव्हे. ज्याला उठून पाण्यापर्यंत जाता येत नाही, त्याला तिथं उन्हात तहानेनं मारणं आहे. (कायद्यानंही ते चालत नाही. प्राण्याला भुकेला-तहानेला सोडून देणं हा 1960 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण पोलिसांच्या भीतीनं केलेली सेवा काय कामाची!)

आता सोवळ्याचं. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. एकनाथांनी रामेश्वराला नेत असलेलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं. कीर्तनात ऐकताना आपण सारेच माना डोलावतो. महाभारतात धर्मराज स्वर्गाच्या दारात पोचला, तेव्हा इंद्रानंही सोवळंच सांगितलं होतं, की कुत्रेवाल्यांना इथं जागा नाही. धर्मराज म्हणाला, मग मी येत नाही. आणि बघा, ते कुत्रं त्यानं पाळलेलंही नव्हतं, नुसतं वाटेनं मागे आलेलं होतं. तुमचं तर तेरा वर्षं राखण करून बसलंय.

अरुणाचलाच्या रमण महर्षींच्या आश्रमात जॅकी नावाचा कुत्रा होता. तो आजारी पडला, अंगाला दुर्गंधी येऊ लागली, तरी महर्षी त्याला छातीशी धरून बसत. त्यांच्या हातातच त्याचा प्राण गेला. आश्रमात त्याची समाधी आहे. आपण जामसावळीला जातो. तिथं मारुतीराया निजलेल्या रूपात आहेत, त्यांच्यापुढं हात जोडतो. घरी येऊन निजलेल्या जिवाला ओलांडून देवघरात जायचं, याला सोवळं म्हणावं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सेवा म्हणजे काय, तर साधीच कामं. खाली प्लास्टिक, वर जुनी गोधडी, ओली झाली की बदलायची. दर दोन-तीन तासांनी कूस पालटायची, नाहीतर हाडाच्या जागी जखमा होतात आणि माशा बसून अळ्या पडतात. लघवी फार होते म्हणून पाणी कमी करू नका, त्यानं जीव जाईल. भाकरी पातळ कालवून थोडी थोडी द्या. कांद्या-लसणाचं कालवण नको. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुकेही नको, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते विष आहेत. प्रेमानं दिलं तरी विषच. दुखतंय म्हणून आपल्या गोळ्या, क्रोसिन-कॉम्बिफ्लाम, अजिबात देऊ नका. एकाएकी वागणं बदललं, गिळता येईना, लाळ गळू लागली तर तोंडात हात घालू नका, आधी डॉक्टर. तालुक्याला नेणं जमत नसेल तर 1962 वर फोन करून पशुवैद्यकाची गाडी येते का विचारा.

राहिलं इंजेक्शन. यावर आमच्यातच एकमत नव्हतं, रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं. शेवटी आम्हाला पटलं ते असं. आपली झोप मोडते, वास येतो, पाहुणे येतात, म्हणून इंजेक्शन नको. पण आजार बरा होणार नाही, वेदना औषधानं थांबत नाही, असं डॉक्टर सांगत असेल, जीव अन्नपाणी घेत नसेल आणि रात्रभर कण्हत असेल, तर आपल्याला पापाची भीती वाटते म्हणून त्याला तडफडत ठेवणं हीही दया नाही. तशी वेळ आली तर दोरी डॉक्टरच्या हातात देऊन बाजूला होऊ नका. डोकं मांडीवर घेऊन बसा. ओळखीचा हात अंगावर असू द्या.

परवा आम्ही ताईंकडे जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, दुखणं औषधानं आटोक्यात आहे, भूक आहे. सध्या इंजेक्शनचा विषय नाही. गंमत म्हणजे "बागेत ठेवा" म्हणणारा दीरच आता रात्री दोनला उठून त्याची कूस पालटतो. आम्ही गेलो तेव्हा तो ताकभाकरी भरवत होता. आम्हाला बसा म्हणायलाही विसरला.

त्यांच्याकडे गोधड्या कमी पडतात. सौंसर किंवा पांढुर्ण्याच्या कुठल्या घरी जुन्या सुती साड्या, सतरंज्या असतील तर धुऊन रविवारी सत्संगाला घेऊन या.

जय गुरुदेव 🙏