संस्थेसाठी केलेली चोरी

स्वतःच्या पोटासाठी चोरी करणाऱ्यास आपण बिनदिक्कत चोर म्हणतो. तीच चोरी त्याने आपल्या संस्थेसाठी केली आणि तिच्यातली एक पैही घरी नेली नाही, तर त्यास काय म्हणावे? यासुझो मासुमुरा या जपानी दिग्दर्शकाचा १९६२ सालचा ‘ब्लॅक टेस्ट कार’ हा चित्रपट पाहिल्यापासून या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला आहे.

तोशियुकी काजियामा यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या या चित्रपटात टायगर व यामातो या दोन मोटार-कंपन्यांची चढाओढ आहे. काळे आच्छादन घालून नव्या गाडीची चाचणी घ्यावी, तरी तिची छायाचित्रे पलीकडे पोचतातच. बंद खोलीतल्या बैठकीचे दुरून चित्रण करावे आणि ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखवून घ्यावेत, इथवर मजल जाते. अखेर टायगरच्या ओनोदास व त्याच्या हाताखालच्या असाहिनास हवी असते ती प्रतिस्पर्ध्याच्या गाडीची किंमत. केवळ एक आकडा! त्यासाठी असाहिना आपल्या प्रेयसीस, मासाकोस, यामातोच्या मावातारीकडे पाठवितो. आकडा हाती येतो. मासाकोचे जे जाते, ते मात्र कोणत्याच जमाखर्चात मांडता येत नाही.

बढतीची आशा या दोघांस नसेल असे नाही. पण आपण कंपनीसाठी झटतो आहोत, या समजुतीने त्यांची लाज झाकली जाते. स्वार्थी चोर निदान अंधारात तरी चोरतो. हे लोक भर कचेरीत, मेजाभोवती बसून, कर्तव्य म्हणून चोरतात.

येथे कोणी मराठी वाचक आम्हांस अडवील. सुरतेची बित्तंबातमी काढणाऱ्या बहिर्जी नाइकाचा आपण गौरव करतो. मग बिचाऱ्या असाहिनानेच काय घोडे मारले? आक्षेप हलका नाही. कौटिल्याने तर संन्यासी, व्यापारी व भिक्षुकी यांनाही हेरांच्या पंक्तीस बसविले आहे. परंतु बहिर्जीने पणास लावले ते स्वतःचे मस्तक. असाहिनाने लावली ती मासाको. शिवाय तेथे युद्ध होते आणि ते उभय पक्षांस ठाऊक होते. मावातारी हा पूर्वी क्वांतुंग सेनेच्या हेरखात्यातला. मांचुरियातले युद्ध संपले, पण त्याची विद्या निवृत्त झाली नाही. तिने मोटारींच्या बाजारात नवी नोकरी धरली. शेजारचा दुकानदार हाच शत्रू ठरला, की शांततेच्या काळातही सारे क्षम्य होते.

बाजाराने अशा चोरीची किंमतही ठरविलेली आहे. जनरल मोटर्सचे वरिष्ठ अधिकारी लोपेझ १९९३ साली फोक्सवॅगनमध्ये गेले, तेव्हा गुप्त कागद बरोबर नेल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. १९९७ साली फोक्सवॅगनने १० कोटी डॉलर देऊन आणि १०० कोटी डॉलरचे सुटे भाग विकत घेण्याचे कबूल करून तंटा मिटविला.

हे सारे आम्हां कारकुनांस परके वाटण्याचे कारण नाही. भिलाईच्या कडेच्या आमच्या या हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, भट्ट्या आणि वेल्डिंगच्या ठिणग्या यांवर कितीतरी घरे चालतात. येथल्या लहान कारखानदाराने निविदेत भरलेला दर म्हणजे काही मजुरांची दिवाळी असते. तो आधी फुटला, तर चोरीस काय गेले? कागद जागच्या जागीच असतो. १९६२ च्या गोष्टी दूरच्या म्हणाव्यात, तर २०१५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या शास्त्री भवनात पेट्रोलियम मंत्रालयाचे कागद रात्री बाहेर नेऊन विकल्याच्या आरोपावरून धरपकड झाली. तीत कनिष्ठ कर्मचारी होते, तसे मोठ्या कंपन्यांचे अधिकारीही होते. शिपायास निदान आपण पैशासाठी हे केले, हे ठाऊक असणार. अधिकारी स्वतःस काय सांगत असेल, याचे आम्हांस अधिक कुतूहल आहे. बहुधा ओनोदा सांगतो तेच.

असाहिना शेवटी राजीनामा देतो. चित्रपटात ते शोभते. घरभाडे, मुलांच्या फिया आणि भविष्यनिर्वाह निधीवर काढलेले कर्ज डोक्यावर असणाऱ्यास साहेबाने एखादा आकडा आणावयास सांगितला, तर त्याने काय करावे, याविषयी मासुमुरा गप्प आहेत. ओनोदा मात्र आपल्या जागी कायम असतो.