डीपी ठीक, फिल्टर ठीक!

बसा खाली. फाइली मिळतील, कुठे पळून जात नाहीत. इंडस्ट्रियल ट्रेनिंगचे तुमचे रिपोर्ट मी ओळ न् ओळ वाचले. मध्येच चष्मा काढून पुसला, म्हटलं काचेवरच काही असेल. काच स्वच्छ होती.

निम्म्या वर्गाने एकच वाक्य उतरवलंय: ‘गॅस फिल्टर हा चाळणीप्रमाणे कार्य करतो, हवा पार होते व विषारी वायू अडकतो.’ सगळ्यांचा ‘विषारी’तला ष एकाच जागी चुकतो, तेव्हा कुणाची फाइल कुठून कुठे फिरली हे मला कळत नाही असं समजू नका. कॉपी करायचीच तर निदान शहाण्याची करावी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पण चाळणीवाल्यांना मी एक वेळ सोडून देईन. दुसऱ्या बाकावरचा तू, मान वर कर. तू खाडीकाठच्या एका सर्व्हर रूमवर होतास. तिथल्या मेंटेनन्स रजिस्टरचा फोटो मोठ्या हौसेने चिकटवलायस. रोजची नोंद एकच: ‘डीपी ठीक, फिल्टर ठीक.’ खाली तुझी सही, वळणदार. आणि दोन पानं उलटली की तूच लिहितोस, सर्व्हरची कार्डं वरचेवर जातात, कनेक्टर काळे पडतात, ‘कारण समजू शकले नाही’. अरे, कारण तुझ्याच सहीच्या वर लिहिलंय!

डीपी गेज काय मोजतो? फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. धुळीचा फिल्टर भरत जातो तसा हवेला अडथळा वाढतो, काटा वर चढतो, मग आपण म्हणतो बदला. बरोबर. पण वायूचे रेणू कार्बनच्या पोटात जाऊन बसले म्हणून हवेची वाट बंद होत नाही. कार्बन पहिल्या दिवशी जेवढी हवा सोडतो तेवढीच तो पूर्ण मेल्यावरही सोडतो. काटा तिथल्या तिथे. मेलेल्या फिल्टरसमोर उभं राहून तू रोज ‘ठीक’ लिहीत होतास. धुळीच्या फिल्टरचं शहाणपण वायूच्या फिल्टरला लावलंस, एवढाच तुझा गुन्हा. पण तो इतका मूळचा आहे की त्याच्यापुढे बाकी सगळ्या चुका किरकोळ.

आता नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. हेपा फिल्टरची परीक्षा 0.3 मायक्रॉनच्या कणांवर घेतात. तसे 10,000 कण आले तर जास्तीत जास्त 3 निसटावेत अशी अट. उत्तम. (हेपासुद्धा खरं तर चाळणी नव्हे, पण तो वाद आज उकरत नाही.) हायड्रोजन सल्फाइडचा रेणू त्या कणापेक्षा आठशे पटींहून लहान. हेपाच्या लेखी तो नाहीच. आणि पुढच्या बाकावर कुणीतरी मान डोलावतंय, की कार्बनची भोकं आणखी बारीक असतात म्हणून तिथे अडकतो. नको डोलावूस. कार्बनमधली सगळ्यात बारीक छिद्रं 2 नॅनोमीटरपर्यंतची, आणि हा रेणू 0.36 च्या आसपास. म्हणजे भोक रेणूपेक्षा चांगलं पाचपट मोठं असू शकतं. मग अडकतो कसा? अडकत नाही. चिकटतो.

कार्बनच्या पृष्ठभागावरचे अणू जवळून जाणाऱ्या रेणूला किंचित ओढतात. ती ओढ क्षीण असते. सपाट पत्र्यावर ती कामाची नाही, पण अरुंद छिद्रात दोन्हीकडच्या भिंती ओढतात आणि रेणू बसतो. म्हणून छिद्रं हवीत आणि म्हणून पृष्ठभाग प्रचंड हवा. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनचा एका ग्रॅममध्ये 1,000 चौरस मीटर पृष्ठभाग सहज असतो. शेतकऱ्यांची पोरं आहात ना? हिशेब करा. दहा गुंठे, एका ग्रॅममध्ये! चार ग्रॅम म्हणजे एकर झाला. आणि हे येतं कशातून? तुमची आई खोबरं काढून फेकते त्या करवंटीतून. करवंटीचा कोळसा करायचा, मग 800 ते 1,000 अंशांना वाफ सोडून त्याला आतून कोरायचं. कोकणातून ट्रेनिंगला गेलेल्या तिघांपैकी एकालाही आपल्या फिल्टरमधला काळा दाणा कसला आहे हे विचारावंसं वाटलं नाही. विचारायला पैसे पडतात का?

पुढचा प्रताप. एका फाइलीत ‘कार्बन फिल्टरमुळे सर्व वायू नष्ट होतात’ असं ठोकून दिलंय. दोन चुका. नष्ट काही होत नाही, वायू तिथे बसतो. खोली तापली किंवा स्वच्छ हवा सुटली की उठून पुन्हा बाहेर येतो. जास्त घट्ट चिकटणारा दुसरा वायू आला तर तोही आधीच्याला हुसकावतो. म्हणून जुना कार्बन कधी कधी स्वतःच वास सोडतो. आणि ‘सर्व’ हा शब्द परीक्षेत लिहिताना हात जरा थरथरायला हवा. ठोकताळा असा की ज्याचा उत्कलनबिंदू चढा, तो कार्बनवर बसतो. ज्याचा फारच खाली, तो बसत नाही. टोल्युइन 110 अंशांना उकळतं, रंगाच्या दुकानातला तो वास कार्बन आनंदाने घेतो. फॉर्माल्डिहाइड उणे 19 ला उकळतं, साधा कार्बन तिथे लंगडतो. आणि कार्बन मोनॉक्साइड? उणे 191. त्याला कार्बन हात लावत नाही. उद्या तुमच्या गल्लीतला कुणीतरी विचारेल, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, कार्बनवाला प्युरिफायर लावला तर चालेल का? तुम्ही ‘सर्व वायू’ म्हणाल आणि तो माणूस निर्धास्त अंघोळीला जाईल. ही चूक मार्कांत मोजायची नाही रे. गीझर बाहेर काढा आणि खिडकी उघडा, हेच त्याचं उत्तर. कार्बन मोनॉक्साइडला मँगनीज डायऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइडचं मिश्रण लागतं, खाणकामगारांच्या मास्कमध्ये असतं ते. तेही ओलं झालं की बसलं.

जिथे नुसती ओढ पुरत नाही तिथे रसायन कामाला लावावं लागतं. हे पान तुमच्यातल्या एकाही फाइलीत नाही, फक्त खिडकीजवळच्या मुलीच्या आहे, आणि तिनेही ते इतकं छोटं लिहिलंय की जणू चोरून लिहिलंय. आम्लधर्मी वायू असेल, क्लोरीन, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, तर कार्बनला आधी अल्कलीत भिजवतात. अमोनिया असेल तर उलट, फॉस्फरिक आम्लात. दोन्हींची अदलाबदल केलीत तर पोतं बदलल्याचं बिल लागेल, हवा मात्र तशीच. आणि तिसरा मीडिया, म्हणजे फिल्टरमध्ये भरायचा माल, जांभळ्या गोळ्यांचा. ॲल्युमिनाच्या गोळीत पोटॅशियम परमँगनेट भरलेलं असतं. हायड्रोजन सल्फाइड, फॉर्माल्डिहाइड असे वायू आले की परमँगनेट त्यांचं ऑक्सिडीकरण करतं आणि स्वतः मँगनीज डायऑक्साइड होऊन तपकिरी पडतं. इथे वायू परत उठून येत नाही, कारण तो वायू राहिलेलाच नसतो.

ही काही कालपरवाची टूम नाही. स्टेनहाउस नावाच्या स्कॉटिश रसायनज्ञाने 1854 मध्ये कोळशाचा मास्क केला होता. 22 एप्रिल 1915 ला ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला त्यानंतर सुरुवातीला सैनिकांच्या नाकाशी रसायनात भिजवलेल्या कापसाच्या गाद्या होत्या. त्याच वर्षी रशियात झेलिन्स्कीने ॲक्टिव्हेटेड कोळशाचा मास्क पुढे आणला. आणि 1916 मध्ये ब्रिटिशांनी जो डबा सैनिकांच्या गळ्यात अडकवला त्यात काय होतं? कोळसा, आणि परमँगनेट घातलेले चुन्याचे दाणे. तुम्ही ज्या सर्व्हर रूमच्या खोक्यात डोकावून ‘जांभळा पदार्थ’ असं लिहून आलात, त्याच्या पूर्वजाने माणसं वाचवली आहेत. ‘जांभळा पदार्थ’!

आता तुझ्याकडे परत, दुसरा बाक. त्या गोळ्या तू हातात तरी घेतल्यास का? घेतल्या असत्यास तर एक फोडून बघितली असतीस. बाहेरून तपकिरी आणि आत जांभळा गाभा शिल्लक असेल तर अजून थोडा जीव आहे. आतपर्यंत तपकिरी असेल तर खेळ खलास. फोडायला चिमटा लागतो, पीएचडी लागत नाही. रंगावर सगळं आयुष्य ठरत नाही, नमुना मीडियावाल्याकडे पाठवून उरलेली क्षमता काढून घ्यायची असते, पण निदान रंग तरी!

आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड येतो कुठून, हा प्रश्नही तुला पडला नाही. खिडकीबाहेर खाडी, खाडीला मिळणारा नाला. सांडपाण्यातला प्राणवायू संपला की जंतू सल्फेटवर जगतात आणि हाच वायू सोडतात; समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही. ठाणे खाडीच्या अंगाने ऐरोली-महापेकडे डेटा सेंटरं उभी राहताहेत. तुमच्यातल्या अनेकांच्या नोकऱ्या तिथेच आहेत, तेव्हा झोपू नका. आता कार्डं का जातात तेही ऐका. 1 जुलै 2006 पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक मालातलं शिसं बंद केलं. मग सर्किट बोर्डांच्या फिनिशमध्ये चांदी शिरली, आणि चांदीला गंधकाचं किती वावडं आहे ते घरातल्या देव्हाऱ्यातल्या निरांजनाला विचारा. पावसाळ्यात हवा दमट झाली की हे आणखी झपाट्याने होतं. शिवाय त्याच दमटपणात साध्या कार्बनची छिद्रं पाण्यानेच भरतात.

‘पण सर, वास येत नव्हता.’ बोललास शेवटी! नाकावर कसला भरवसा ठेवतोस? काही पीपीबीला नाकाला कळतं खरं, पण तासाभरात नाक सरावतं. आणि 100 पीपीएमच्या आसपास तर ते बधिरच होतं, तिथे वास गेला म्हणजे माणूस जायची वेळ आली. नाकाच्या जागी कूपन लावतात. तांब्याची आणि चांदीची घासूनपुसून वजन केलेली पट्टी खोलीत महिनाभर टांगायची, मग तिच्यावर किती थर चढला ते प्रयोगशाळेत मोजायचं. तांब्यावर महिन्याला 300 अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीवर 200 च्या आत, तर खोली जी1, म्हणजे सौम्य. तांबं 1,000 च्या पुढे गेलं तर जी3, 2,000 ला पोचलं तर जीएक्स. मानकाचं नाव आयएसए 71.04. तुझ्या रिपोर्टमधल्या फोटोत रॅकच्या कडेला एक छोटी पट्टी लटकतेय, दिसतेय मला. तिच्याखाली तू काय लिहिलंस? ‘सजावटीचा भाग.’ धन्य!

हिशेब तर कुणीच केला नाही. फळ्यावर बघा. ताजी हवा तासाला 1,000 घनमीटर, तिच्यात 50 पीपीबी हायड्रोजन सल्फाइड. 1 पीपीबी म्हणजे घनमीटरला साधारण 1.4 मायक्रोग्रॅम. म्हणजे घनमीटरला 70 मायक्रोग्रॅम, तासाला 70 मिलिग्रॅम, दिवसाला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, वर्षाला सहाशे ग्रॅमच्या वर. मीडिया स्वतःच्या वजनाच्या दहा टक्के पेलतो असं समजून चाला, तर किमान सहा किलो पाहिजे, आणि हे अगदी कागदावरचं. शेवटच्या दाण्यापर्यंत कुणी वापरत नाही. आणि दुसऱ्या बाकाच्या रूममध्ये ठेकेदाराने त्या गोळ्यांच्या जोडीला कार्बन म्हणून काय बसवलं? काळ्या फोमचा अर्ध्या सेंटिमीटरचा कपटा, त्यावर शिंपडलेला कार्बन. त्यातून हवा सेकंदाला अर्ध्या मीटरने गेली तरी रेणूला तिथे मिळतो सेकंदाचा शंभरावा भाग. दाण्यांच्या जाड थरात तो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा तरी टेकला पाहिजे. ठेकेदाराने स्वस्तात उरकलं; ते पैशासाठी. तू कशासाठी डोळे मिटलेस?

आणि आकृती! आधी धुळीचा प्री-फिल्टर, मग रसायनाचा बेड, मग बारीक फिल्टर, कारण बेडमधूनही दाण्यांची भुकटी उडते. सात जणांनी बेड सगळ्यात पुढे काढलाय, म्हणजे रस्त्याची धूळ थेट महागड्या दाण्यांवर. एकाने तर पंख्याची दिशाच उलटी दाखवलीय; त्याला बहुधा खोलीतली हवा खाडीला दान करायची असावी. आणि फोटोत दरवाजा उघडा आहे, अग्निशामकाचं लाल सिलिंडर अडसर म्हणून लावलंय. खोलीत दाब जरा जास्त ठेवायचा म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाईल, आत येणार नाही. त्यासाठी एवढा खटाटोप करायचा, आणि चहावाल्याला सोपं जावं म्हणून दार सताड!

खिडकीजवळची, तुझी फाइल घे. पुढच्या वेळी मोठ्या अक्षरात लिही, चूक असली तरी. बाकीच्यांच्या इथेच राहतील. उद्या साडेदहाच्या आत प्रत्येकाने एक पान आणायचं: फक्त हिशेब, आपापल्या साइटचा. वायू कोणता, किती, हवा किती, मीडिया कुठला, किती किलो, किती महिने. आकडा माहीत नसेल तर तिथल्या सुपरवायझरला फोन करा. त्यांनाही माहीत नसेल तर तसं लिहा, तेही मला वाचायचंय. आणि दुसरा बाक, तू त्या रूमवर जा, मीडियाच्या खोक्याचं झाकण उघडून बघ आणि एक गोळी फोड. रजिस्टरवर सही त्यानंतर.