डावं की उजवं?

वडीलधाऱ्यांना उलटून बोलू नये, असं आपल्याला लहानपणी शिकवतात. ठीक आहे. पण वडीलधारा विमान चालवत असेल तर?

८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंगचं डावं इंजिन बिघडलं. वैमानिकांनी बंद केलं उजवं, आणि कॅप्टनने तसं माइकवरून सांगितलंही! मागच्या कित्येक प्रवाशांना आणि तिघा केबिन कर्मचाऱ्यांना आग दिसली होती ती डावीकडे. (डावं-उजवं काही हुद्द्याप्रमाणे बदलत नाही; चहा देणाऱ्याचं तेच, कॅप्टनचंही तेच.) प्रवासी चक्रावले, पण कॅप्टनपर्यंत कुणी गेलं नाही. एवढा शिकलेला माणूस, त्याला आपण काय सांगायचं! केगवर्थजवळ विमान पडलं. ४७ माणसं गेली.

कॅप्टनने कुणाला दटावलं नव्हतं. म्हणूनच मला हा मान-बिन प्रकार जरा संशयास्पद वाटतो. मानाच्या ताटातून आपली जबाबदारीही परस्पर वर पोचवता येते; मग आपण पट्टा बांधून मोकळे!

वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांनी एकत्र सराव करावा, असं चौकशी अहवालाने सुचवलं. आमच्या बँकेत असा सराव निघाला, तर साहेब ‘निर्भयपणे बोला’ या विषयावर तासभर बोलतील, आणि आम्ही माना डोलावू.