मानाची जागा



लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू एका परूश्याच्या घरी जेवायला गेले आहेत. पाहुणे मानाच्या जागा कशा पटकावतात हे ते पाहत असतात. हा प्रसंग वाचताना मला आपल्याकडची लग्ने आठवतात. टोपी-टॉवेल कोणाला आधी मिळाला, माईकवरून कोणाचे नाव घ्यायचे राहिले! जेवण विसरले जाते, राहिलेले नाव दहा वर्षे लक्षात राहते. चर्चच्या सणातही तेच. वाचन कोणी करायचे, अर्पणे कोणाच्या घरच्यांनी आणायची, देणगीदारांच्या यादीत नाव कितव्या ओळीत आले. अशा यादीवरून मिस्साला येणे सोडणारी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात सापडतात.

येशू सांगतात, शेवटच्या जागेवर जाऊन बस. पण इथे एक मेख आहे. शेवटच्या बाकावर बसूनही माणूस मान वळवून पाहतो की, यजमान आपल्याला वर कधी बोलावतो. "मी पापी, मी अडाणी" म्हणणाऱ्याला दुसऱ्याने "हो, खरे आहे" म्हटले की त्याचा चेहरा पाहावा! मंदिरातला परूशी (लूक १८) खोटे बोलत नव्हता. तो खरोखर उपास करी, दशांश देई. पण देवाशी बोलतानाही त्याचे लक्ष मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे होते.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते नम्रता आणि मोठे काम हाती घेण्याची हिंमत या दोन गुणांत वैर नाही. अविलाची संत तेरेजा तर सत्यात चालण्यालाच नम्रता म्हणते. गोड गळ्याच्या माणसाने "मला गाता येत नाही" म्हणणे ही नम्रता नव्हे. तो गळा देवाने दिला हे विसरणे मात्र गर्व.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्यातील अनेकांच्या वाडवडिलांना गावाने वेशीबाहेर ठेवले, जोहार घालायला लावले. ती नम्रता नव्हती, तो अन्याय होता. वर बसलेल्याने खाली बसलेल्याला, सासूने सुनेला, मालकाने मजुराला नम्रतेचा उपदेश करू नये. येशूच्या दृष्टान्तात खाली बसलेल्याला यजमान मित्र म्हणून हाक मारतो आणि वर नेतो. आणि ख्रिस्त स्वतः खाली उतरले ते आपल्या मर्जीने, असे संत पौल फिलिप्पैकरांना लिहितो. त्यांना कोणी ढकलले नव्हते.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. त्या कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन पंथात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांच्याकडून शिकण्यात आपले काही जात नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्या विशीच्या होत्या. बाई दबणाऱ्या नव्हत्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रियांच्या बाजूने रोखठोक साक्ष दिली. ज्या इंग्लिश सिस्टरांनी आसरा दिला, त्यांच्याशीही त्यांनी धर्ममतांवरून पत्रांतून वाद घातला. पुढे १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या त्या ह्याच. बायबल मराठीत आणायचे ठरल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि संस्कृतचे एवढे धन जवळ असताना ते बाजूला ठेवून साध्या बायाबापड्यांना कळेल असे मराठी लिहीत बसल्या. शिकलेल्या माणसाला हे फार जड जाते. आम्हा धर्मगुरूंना तर विशेषच. ते संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले. रमाबाई त्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, प्रभूघरी गेल्या होत्या.