देत नाही आणि देववत नाही

कंजूस माणूस ओळखणं फार सोपं आहे, असा आपल्याकडे समज आहे. ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही, तो कंजूस. व्याख्या संपली. वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांपासून पगारवाढ मागणाऱ्या कारकुनापर्यंत सगळ्यांचं या व्याख्येवर छान भागतं. तिला एक भोक आहे, हे मला कॅल्गरीच्या बाहेर एका उघड्या माळावर, उणे आठ अंश थंडीत, माझ्या भाच्याच्या ड्रोननं दाखवलं.

ड्रोन म्हणजे वजन २४९ ग्रॅम. कॅनडात २५० ग्रॅमपासून पुढच्या ड्रोनची नोंदणी करावी लागते, म्हणून बनवणाऱ्यानं एक ग्रॅम आधीच हात आखडता घेतलेला. पाव किलो चक्का याहून जड भरतो. आमच्या डेअरीवाल्याचा भरत नाही, पण तो विषय वेगळा.

खोक्यावर अर्धा तास उड्डाणाचं आश्वासन होतं. दहा मिनिटांत ड्रोन किरकिरायला लागला आणि खाली उतरतो म्हणाला. पडद्यावर तर अजून साठ टक्के दिसत होते! मी म्हटलं, "अरे, साठ टक्के गाठीला असताना हा कद्रूपणा कसला?" भाचा बोटांवर फुंकर घालत म्हणाला, "मामा, आहे हो त्याच्यात. पण थंडीत देववत नाही त्याला."

देववत नाही! कॅनडात वाढलेल्या पोराच्या तोंडी हा शब्द ऐकून थंडी क्षणभर विसरलो. 'देत नाही' आणि 'देववत नाही' यांत फरक एका प्रत्ययाचा. पण एकाचा गुन्हा होतो आणि दुसऱ्याचं दुखणं.

बॅटरीचं दुखणं असं. तिच्या आत लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे द्रवातून पोहत असतात. थंडीत त्यांची चाल मंदावते, आतला विरोध वाढतो आणि वर पाती जोरात वीज मागू लागली, की व्होल्टेज धाडकन खाली येतं. ठेव खात्यात शाबूत. फक्त खिडकीवरचा कॅशियर गारठलेला. गंमत म्हणजे थंड हवा दाट असते, पात्यांना ती चांगली पेलते. बाहेरची परिस्थिती अनुकूल आणि आतून काही निघत नाही, अशी ही अवस्था.

अशी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या शेजारी अण्णा राहतात. त्यांचा मुलगा बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आला, तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं. आतला पंखा बंद करून ये." त्या दिवशी मुलानं त्यांचं नाव कंजुसांच्या खात्यात लिहिलं. पुढे नात झाली. ती मांडीवर बसून वाकडातिकडा 'ग' काढते आणि अण्णा 'शाबास, शाबास' करत असतात. मुलगा मला म्हणाला, "म्हणजे होतं की त्यांच्याकडे! मग मलाच का नाही दिलं?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर एवढंच, की अण्णा वार लावून जेवत शिकले. सात दिवस सात घरी. आठवड्याच्या सात उंबऱ्यांवर त्यांना 'बस, जेव' म्हणणारे होते, 'शाबास' म्हणणारं कोणी नव्हतं. नात चार वर्षं पोटाशी बिलगून बसली, तेव्हा कुठे कण हलले.

तुम्ही म्हणाल, असं असेल तर उद्या प्रत्येक चिक्कू 'मला देववत नाही हो' म्हणून मोकळा होईल. होईलच. म्हणून ड्रोनवाल्यांची कसोटी वापरावी. गारठलेली बॅटरी ते कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवतात. ऊब लागल्यावर पुन्हा नीट चालली, तर ती गारठली होती. नाही चालली, तर ती संपलेली किंवा म्हातारी. मात्र या कसोटीत ऊब आपल्या पोटाची खर्च होते. लांबून निकाल देणाऱ्याला ती करता येत नाही.

दुसरा नियम त्याहून मोलाचा. शून्याखाली गारठलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. आत लिथियमचा धातूच्या रूपात थर बसतो आणि ती कायमची अधू होते. गारठलेल्या माणसाला आपण नेमका हाच उपचार करतो. त्याच्यात उपदेश भरतो. आधी ऊब, मग उपदेश. आणि ऊब मिळाल्यावर उपदेशाची गरज बहुधा उरत नाही.

नासानं २०२१ मध्ये मंगळावर 'इंजेन्युइटी' नावाचं छोटं हेलिकॉप्टर उडवलं. तिथल्या रात्री उणे नव्वद अंशांच्या. बिचाऱ्याची बहुतेक वीज उडण्यात जातच नसे. रात्रभर स्वतःला उबेत ठेवण्यात जाई. पाच उड्डाणांची अपेक्षा होती. २०२४ पर्यंत त्यानं बहात्तर केली. नुसतं जिवंत राहण्यात ज्यांची सगळी शिल्लक संपते, त्यांचा हिशेब पृथ्वीवर तरी कोण ठेवतो?

तरी एक गोष्ट अण्णांच्या मुलाच्या बाजूनं सांगायलाच हवी. बॅटरीचा दोष नव्हता, हे पटलं म्हणून खाली आपटलेल्या ड्रोनची पाती जुळत नाहीत. अण्णांना देववलं नाही, हे खरं. मुलाला मिळालं नाही, हेही तितकंच खरं. पहिल्या वाक्यानं अण्णा सुटतात. दुसऱ्या वाक्यासाठी मुलाला कोणाच्या तरी आतल्या खिशात जागा मिळायला हवी. नाही तर नातीच्या निकालाच्या दिवशी हाही तिला पंखा बंद करायला सांगेल.